धूरनळीचे जोडकाम व जस्ताचा धूर

मोटारसायकलच्या इंजिनातून निघणारे तप्त वायू सायलेन्सरमधील कप्प्यांतून व सच्छिद्र नळ्यांतून जातात, तेव्हा त्यांचा आवाज मंदावतो. अशी नळी घरी सांधताना जस्त चढविलेला पाण्याचा नळ कधीही वापरू नये. लोखंड १५३८ अंश सेल्सियसला वितळते. जस्त मात्र ९०७ अंशांनाच उकळते. म्हणून सांधा जुळण्यापूर्वीच जस्ताची वाफ होते व हवेतील प्राणवायूशी संयोग पावून तिचा पांढरा धूर बनतो. तो श्वासावाटे गेल्यास काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. जबलपूर जिल्ह्यातील कुंडमसारख्या हिवतापाच्या प्रदेशात या तापाविषयी गैरसमज होणे सहज शक्य आहे. यास्तव साधा पोलादी नळ घ्यावा, काम मोकळ्या हवेत करावे आणि ताप आल्यास डॉक्टरांना जोडकामाची हकीकत अवश्य सांगावी.