फोटोमागची टेकडी : एका छायाचित्राच्या स्थळशोधाची हकिकत

इतिहासाच्या विद्यार्थ्याला सुरुवातीलाच साधनांची यादी शिकविली जाते : शिलालेख, ताम्रपट, नाणी, बखरी, दप्तरे. आपल्या समाजाचा इतिहास लिहावयास बसले की ही यादी फार लवकर संपते. ज्यांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या लेखणी येऊ दिली नाही, त्यांच्या घरी दप्तरे कोठून असणार? पत्र्याच्या पेटीत, लुगड्याच्या घडीत जपलेले चार-दोन फोटो, एवढेच आपले दप्तर. त्यांच्या पाठीमागे बहुधा काही लिहिलेले नसते, आणि सांगणारी माणसे एकेक करून निघून जात आहेत. म्हणून ‘हा फोटो कोठला?’ हा प्रश्न आपल्यासाठी इतिहासाच्या साधनाचाच प्रश्न आहे.

तीन वर्षांपूर्वी शाळेत घडलेला एक अभ्यास येथे सांगतो. त्याची सुरुवात माझ्याच चुकीपासून होते.

चिठ्ठी आणि प्रश्न

आपल्या एका माजी विद्यार्थ्याच्या घरी एक जुना कृष्णधवल फोटो आहे. मोकळे माळरान, चाळीसएक माणसे, मध्ये बांबूंना बांधलेले एक कापड, मागे टेकडी. चेहरे काळवंडलेले. ‘आमचे पणजोबा येवल्याच्या परिषदेत’ अशी घरातली समजूत. आपल्या जिल्ह्यात २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. त्यामुळे गर्दीचा जुना फोटो दिसला की तो या दोहोंपैकी एकाचा ठरविण्याचा मोह होतो. मलाही झाला. जयंतीच्या प्रदर्शनात त्या फोटोखाली ‘येवले, १३ ऑक्टोबर १९३५’ अशी चिठ्ठी मीच स्वतःच्या हाताने लावली.

नववीतल्या एका मुलीने विचारले, “सर, येवल्याला असा डोंगर आहे का?”

मजजवळ उत्तर नव्हते. परंपरेने चालत आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून स्वीकारू नका, स्वतः तपासा, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. ते वर्गात शिकविणाऱ्याने चिठ्ठी काढून घेणे भागच होते. ती काढली आणि पाच विद्यार्थ्यांसह शोधाला लागलो.

शोधाच्या पायऱ्या

पहिली पायरी म्हणजे फोटो नीट पाहणे. मूळ प्रत जास्तीत जास्त स्पष्टतेवर स्कॅन केली आणि संगणकाच्या पडद्यावर तिचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनात काय दिसते ते वहीत लिहिले. अर्थ लावायचा नाही, फक्त नोंद करायची, असा नियम केला. दुमडलेल्या कापडावर ‘पब्लिकन’ ही अक्षरे तेव्हा प्रथमच दिसली. रिपब्लिकन पक्षाची स्थापना ३ ऑक्टोबर १९५७ ची आहे. १९३५ साली ते कापड तेथे असणे शक्य नव्हते. एका शब्दाच्या तुकड्याने माझी चिठ्ठी खोटी ठरविली.

दुसरी पायरी, हाच फोटो अन्यत्र छापला गेला आहे का हे पाहणे. गुगल लेन्ससारख्या साधनाला चित्र दिले की त्यासारखी चित्रे ते शोधून देते. प्रसिद्ध छायाचित्रांच्या बाबतीत हा उपाय फार उपयोगी पडतो. घरगुती फोटोचा मात्र जगात दुसरा अवतारच नसतो. आमच्या हाती काही लागले नाही.

तिसरी पायरी टेकडीची. माणसे जातात, घरे पडतात, रस्ते रुंदावतात. डोंगराची कडा सहसा बदलत नाही. विद्यार्थ्यांनी पारदर्शक कागदावर तिची रेघ उतरवून घेतली : डावीकडे उंच, जवळजवळ पिरॅमिडसारखा माथा, उजवीकडे दोन ठेंगणे माथे. येवल्याच्या उत्तरेला दिसणारे अंकाई-टंकाईचे जोडकिल्ले या रेघेशी जुळत नव्हते. एक मुलगा ती रेघ घेऊन खिडकीशी गेला आणि तेथेच थबकला. रोज दिसणारे त्रिरश्मी, म्हणजे लोक ज्याला पांडवलेणी म्हणतात तो डोंगर, त्याच्या हातातल्या कागदावर होता.

परंतु ‘सारखे दिसते’ हा पुरावा नव्हे. येथे गुगल अर्थ कामी आले. त्यात जमिनीचे चढउतार असतात. कोणत्याही ठिकाणी ‘उभे राहून’ समोरची कडा पाहता येते. त्रिरश्मीच्या तीन टेकड्यांपैकी लेणी असलेली सर्वांत उंच टेकडी पूर्वेची. उत्तरेकडून पाहिले तर ती डावीकडे येते. आपण पूर्वेकडे सरकत गेलो की माथे एकमेकांमागे लपू लागतात, पश्चिमेकडे गेलो की त्यांचा क्रम आणि अंतरे वेगळी दिसतात. असे सरकत सरकत विद्यार्थ्यांनी तीन माथ्यांमधली अंतरे जुळविली. जुळली ती सातपूरच्या बाजूच्या एका लहानशा पट्ट्यातून. म्हणजे फोटो काढणारा सातपूरच्या माळावर दक्षिणेकडे तोंड करून उभा होता.

चौथी पायरी सावल्यांची. फोटोतल्या सावल्या पाहणाऱ्याच्या दिशेने, म्हणजे उत्तरेकडे पडलेल्या आहेत. नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या अखेरीपासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत येथे भर दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. एरवी तो दक्षिणेकडे असतो. डिसेंबरच्या दुपारी माणसाची सावली जवळपास त्याच्या उंचीइतकी पडते. फोटोतल्या सावल्या लांब होत्या आणि दोघातिघांच्या अंगावर घोंगड्या होत्या. हिवाळ्याची दुपार असावी. चेहरे का काळवंडले तेही उमगले : सूर्य त्यांच्या पाठीशी होता.

“सर, मग सहा डिसेंबर!” मुले एकदम ओरडली. मलाही तसेच वाटावेसे वाटत होते. पण ६ डिसेंबरला सूर्य आकाशात ज्या मार्गाने जातो, जवळजवळ त्याच मार्गाने ६ जानेवारीलाही जातो. सावली ऋतू सांगते, तिथी सांगत नाही. एक चुकीची चिठ्ठी काढून तिच्या जागी दुसरी आवडती चिठ्ठी लावणे हा शोध नव्हे. आम्ही लिहिले : ‘सातपूर परिसर, ३ ऑक्टोबर १९५७ नंतरचा हिवाळा.’

दूरच्या देशातली साक्ष

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. त्याला आफ्रिकेतले एक उदाहरण देतो. २०१८ साली एक चित्रफीत जगभर फिरली. तीत सैनिक दोन स्त्रिया आणि दोन लहान मुलांना रस्त्याने नेऊन गोळ्या घालताना दिसत होते. कॅमेरून सरकारने प्रथम ती खोटी म्हणून झटकून टाकली. बीबीसीच्या ‘आफ्रिका आय’ या पथकाने चित्रफितीतली डोंगराची कडा उपग्रहचित्रांशी जुळवून जागा शोधली : उत्तर कॅमेरूनमधील झेलेव्हेट गावाजवळची. घरे केव्हा बांधली गेली, पायवाट कोणत्या ऋतूत दिसते आणि सावल्या कशा पडल्या, यांवरून काळ ठरला : २० मार्च ते ५ एप्रिल २०१५. त्यासाठी वापरलेली उपग्रहचित्रे बहुतांशी कोणालाही पाहता येण्याजोगी होती. पुढे खटला चालला आणि २०२० मध्ये चार सैनिकांना दहा वर्षांची शिक्षा झाली. सत्ता ‘हे घडलेच नाही’ म्हणाली तेव्हा डोंगराने साक्ष दिली. ज्यांच्यावरचे अत्याचार ‘घडलेच नाहीत’ असे पुनःपुन्हा सांगितले जाते, त्यांच्या मुलांनी ही विद्या शिकलीच पाहिजे.

या विद्येला दुसरी बाजूही आहे. ज्या डोळ्याने डोंगर ओळखता येतो, त्याच डोळ्याने एखाद्या मुलीच्या फोटोमागची खिडकी आणि तिचे घरही ओळखता येते. मोबाइलच्या मूळ फोटोत कित्येकदा ठिकाणाची नोंद दडलेली असते. म्हणून वर्गात दोन नियम केले : जिवंत व्यक्तीचा ठावठिकाणा तिच्या संमतीवाचून शोधायचा नाही, आणि वसतिगृहातील मुलांचे फोटो ठिकाणासह कोठेही टाकायचे नाहीत. पालकांनीही हे पाळावे, अशी विनंती आहे.

आजीचे उत्तर

निष्कर्ष त्या कुटुंबाला सांगणे हे सर्वांत कठीण काम होते. फोटोतले पणजोबा हे घरातल्या आजींचे सासरे. पन्नास वर्षे उराशी बाळगलेली गोष्ट मी मोडणार होतो. टेकडीची रेघ, कापडावरची अक्षरे सारे त्यांच्यापुढे मांडले आणि म्हणालो, “आजी, हा फोटो येवल्याचा नाही, एवढेच ठरले आहे. मामंजी येवल्याला गेले नव्हते, असे ठरलेले नाही.”

त्या बराच वेळ फोटोकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “येवल्याला ते पायी गेले होते, असं सासूबाई सांगायच्या. त्याचा फोटो कोण काढणार होतं गुरुजी? आणि हे तर आपल्याच माळावरचं निघालं. बरं झालं की.” त्यानंतर त्यांनी फोटोतल्या सहा जणांची नावे सांगितली. येवल्याचा फोटो म्हणून ही माणसे आजवर त्यांना परगावची वाटत होती. आपल्या गावची म्हटल्यावर उभे राहण्याच्या ढबीवरून त्या एकेकाला ओळखू लागल्या. ती जागा पाहायला आम्ही गेलो, तेव्हा तेथे कारखान्यांच्या शेड होत्या. गच्चीवर चढल्यावर टेकडी दिसली, कागदावरच्या रेघेसारखीच.

त्रिरश्मीवरच्या आठव्या लेण्यात मुगुदास नावाच्या एका मच्छीमाराने आपले दान आपल्या नावाने कोरून ठेवले. म्हणून सुमारे दोन हजार वर्षांनंतर तो आपल्याला माहीत आहे. त्याच डोंगराच्या साक्षीने उभी राहिलेली आपली चौतीस माणसे अजून नावावाचून आहेत.

माजी विद्यार्थ्यांनो, घरातली पेटी उघडा. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने नावे लिहा. कोणी सांगितले आणि केव्हा सांगितले तेही लिहा. खात्री नसेल तेथे प्रश्नचिन्ह करा. मूळ प्रत घरीच जपा, एक प्रत शाळेत आणून द्या. आणि हे आजी-आजोबा आहेत तोवर करा. टेकडी थांबेल, ती माणसे थांबणार नाहीत.