शेऱ्याचे मोल

उद्दिष्टे
हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही–
• कामाच्या मूल्यमापनात होणाऱ्या चुका ओळखू शकाल;
• पर्यवेक्षकांच्या प्रशिक्षणाचे महत्त्व स्पष्ट करू शकाल.

मूळ पाठ
'चांगला' हा शेरा कोणाच्या वाटेत अडसर ठरेल, असे सहसा वाटत नाही. देव दत्त हे सीमा रस्ते अभियांत्रिकी सेवेत कार्यकारी अभियंता होते. १९९३-९४ च्या गोपनीय अहवालात त्यांना 'चांगला' असा शेरा मिळाला. पदोन्नतीसाठी मात्र मागील पाचही वर्षांचे शेरे 'अतिशय चांगला' असणे आवश्यक होते. त्या एका शब्दाने पदोन्नती हुकली आणि तो शब्द त्यांना कळवलाही गेला नव्हता. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की शासकीय सेवेतील प्रत्येक शेरा, बरा असो वा वाईट, कर्मचाऱ्यास कळवलाच पाहिजे. २००९ मध्ये केंद्र सरकारने संपूर्ण वार्षिक अहवाल कर्मचाऱ्यास दाखवण्याचे आदेश काढले.

परंतु शेरा उघड झाला म्हणजे तो अचूक होतोच, असे नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये सेनाधिकाऱ्यांच्या मूल्यमापनाविषयी लेख लिहिला. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व व चारित्र्य या भिन्न बाबी. तरीही एकीत वरचढ ठरलेला अधिकारी इतरांतही वरचढ ठरवला जाई. यास 'वलय-परिणाम' म्हणतात. वर्षभराचे काम विसरून शेवटच्या महिन्यातील घटनेवरून मत बनवणे, किंवा वाद नको म्हणून सर्वांना मधला शेरा देणे, याही नेहमीच्या चुका होत.

केवळ चुकांची यादी पाठ करून नजर तयार होत नाही. म्हणून प्रशिक्षणात एकाच कर्मचाऱ्याच्या कामाचे वर्णन सर्व पर्यवेक्षकांना देतात. प्रत्येकजण स्वतंत्रपणे गुण देतो. मग गुणांतील तफावतीवर चर्चा होऊन 'उत्तम' म्हणजे नेमके काय, याचे समान माप ठरते. वर्षभर नोंदवही ठेवण्याची सवयही लावली जाते. 'भांडारपाल विश्वासू आहे' हे मत झाले. 'बाराही महिने साठ्याची नोंद व प्रत्यक्ष माल जुळला' हा पुरावा झाला. पुराव्यावर आधारलेला शेरा प्रतिकूल असला, तरी सुधारणेची वाट दाखवतो.

पाठगत प्रश्न
१. 'चांगला' हा शेरा देव दत्त यांना प्रतिकूल का ठरला?
२. 'वलय-परिणाम' म्हणजे काय?
३. 'कर्मचारी मेहनती आहे' या मताऐवजी पुरावा देणारे वाक्य लिहा.