मुखाची कांती व मोलाची स्तुती

शास्त्रपाठ : १ शमुवेल १६:१–१३

अलियाबाचे रूप पाहून शमुवेल भुलला. परंतु देवाने अंतःकरण पाहून दाविदास निवडिले. हल्ली मोबाइलवर सुंदर मुखे गोरेपणाच्या क्रीमची वाखाणणी करितात, व आपल्या कन्या ती खरी मानितात. ती स्तुती पुष्कळदा मोल घेऊन केलेली असते. यास्तव भारत सरकारने जानेवारी २०२३ मध्ये सांगितले की, मोबदला घेणाऱ्याने ‘जाहिरात’ असे स्पष्ट कळवावे. फसविणाऱ्यास १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कित्येक क्रीमांत पारा सापडला आहे. त्याने मूत्रपिंडे बिघडतात. म्हणून आपण मंडळीत दोन प्रश्न शिकवू या : स्तुती करणाऱ्यास मोल कोणी दिले? डबीवर घटक व कारखान्याचे नाव आहे काय? देवाने दिलेल्या वर्णाची लाज धरणे म्हणजे त्याच्या हस्तकृतीस उणे म्हणणे होय.