‘माल’ की ‘माळ’?

समजा, रोह्याच्या एका दुकानदाराने पेणच्या गणपती कारखान्याला मोबाइलवरून रोमन लिपीत निरोप धाडला. त्याला हवी होती माळ. कारखानदाराने वाचले माल! रोमन लिपीत हे दोन्ही शब्द सहसा सारखेच लिहिले जातात. मग देवनागरीतच का लिहू नये?

अडचण पाहा. आपली व्यंजने 34. प्रत्येकाची बाराखडी धरली, तर 34 × 12 = 408 अक्षरे होतात; जोडाक्षरे वेगळीच. तळहाताएवढ्या पडद्यावर इतक्या कळा मावणार कशा?

मुंबईच्या आय.आय.टी.तील प्रा. अनिरुद्ध जोशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर संशोधन करून 2013 साली ‘स्वरचक्र’ हा कळफलक पुढे आणला. त्यात व्यंजने वर्णमालेच्या क्रमाने मांडली होती. ‘म’वर बोट टेकले, की त्याभोवती मा, मि, मी, मु अशी रूपे चक्राकार उमटत. हव्या त्या रूपाकडे बोट सरकवले, की अक्षर तयार! यामागचे तत्त्व असे, की आठवण्यापेक्षा ओळखणे सोपे. आणि बाराखडी तर आपण शाळेतच शिकलेलो असतो.

आता तुम्हीही एक प्रयोग करा. कागदावर दोन कळफलक काढा. एकात व्यंजने वर्णक्रमाने लिहा, दुसऱ्यात कशीही. ‘कमळ’, ‘नगर’ हे शब्द आजीला बोटाने दाखवायला सांगा. लागलेले सेकंद मोजा, चुका टिपा. मात्र चुकांचा दोष आजीला देऊ नका. तो मांडणीत शोधा. संशोधकही तेच करतात.