सूर्याआधी माथा : पुण्याभोवतीच्या उन्हाळी वाटा

होळी झाली की बहुतेकांच्या सॅक माळ्यावर जातात आणि बूट थेट जूनमध्ये बाहेर येतात. पावसाळ्यात जिथे माणसांची रीघ लागते, त्या वाटा मार्च ते मे ओस असतात. यात तोटा भटक्यांचाच आहे. पळस, पांगारा आणि काटेसावर फुलतात ते फेब्रुवारी-मार्चमध्ये. कुसुमाची तांबूस पालवीही त्याच सुमारास फुटते, एप्रिल-मेमध्ये बहावा पिवळा होतो आणि मे महिन्यात करवंदाच्या जाळ्या काळ्या पडतात. गवत वाळून बसलेलं असल्यामुळे कातळातल्या पायऱ्या, टाकी आणि तटबंदीही नीट पाहता येते. हे सगळं मिळवायचं तर एक शिस्त पाळावी लागते. दिवसाची आखणी उन्हाकडे बघून करायची, आपल्या सोयीने नाही.

वेळ

पुण्यात फेब्रुवारीच्या उत्तरार्धात सूर्य सातच्या जरा आधी उगवतो आणि मेच्या मध्याला सहाच्या सुमारास. म्हणजे तीन महिन्यांत सकाळ जवळजवळ तासाने अलीकडे सरकते. निघण्याची वेळही तितकीच अलीकडे घ्या. फेब्रुवारीत साडेसहाला चढायला लागलात तरी चालतं. मे महिन्यात पाचला हेडलँप लावून वाटेला लागलेलं बरं. नऊ, फार तर साडेनऊपर्यंत उतरून सावलीत यायचं. बेसॉल्टचा काळा कातळ ऊन शोषून घेतो आणि दहानंतर वरून सूर्य व खालून दगड असे दोन्हीकडून भाजतात. सकाळी डोंगराचा पश्चिमेकडचा उतार जास्त वेळ सावलीत असतो, हेही वाट निवडताना ध्यानात घ्या.

सुरुवात टेकड्यांपासून

नव्या माणसाने थेट किल्ला गाठण्यापेक्षा शहरातल्या टेकड्यांवर महिनाभर पाय तयार करावेत. वेताळ टेकडी यासाठी उत्तम. चतुःशृंगी, गोखलेनगर, कोथरूड, पाषाण अशा अनेक बाजूंनी वर जाता येतं आणि दर वेळी वेगळी वाट धरता येते. माथ्यावर वेताळाचं देऊळ, जवळच जुनी दगडखाण, आणि पहाटे लवकर पोहोचलात तर मोरांचे आवाज. दक्षिणेकडे राहणाऱ्यांना तळजाई आणि पर्वती जवळ. आठवड्यातून दोन-तीनदा तासभर चढ-उतार केला की दम वाढतो, शिवाय शरीराला उष्णतेची सवय होते. ही सवय लागायला दहा-पंधरा दिवस जातात. एसी ऑफिसातून उठून मेच्या एखाद्या रविवारी एकदम मोठा ट्रेक करणाऱ्याला ती मिळत नाही.

सिंहगड आणि राजमाची

सिंहगडाची आतकरवाडीची वाट उन्हाळ्यात अर्ध्या दिवसात आटोपते. गडाची उंची सुमारे १३१२ मीटर, पायथ्यापासून चढाई साधारण ६०० मीटरची. नियमित चालणाऱ्याला तास-दीड तास लागतो. वाट रुळलेली आहे, पण सावली तुटक, म्हणून पहिल्या उजेडाला पायथा सोडा. वाटेत आणि वर ताक, लिंबू सरबत, मडक्यातलं दही मिळतं. गडावरची पिठलं-भाकरी खाऊन उतरायचं असेल तर ऊन चढण्याचा हिशेब आधी करा. गुडघे कुरकुरत असतील तर उतरताना घाटरस्त्याच्या गाडीचा पर्याय आहेच.

पूर्ण दिवस हाताशी असेल तर राजमाची. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे गडाखालच्या उधेवाडीपर्यंत सुमारे १५ किलोमीटरची वाट आहे. चढ-उतार सौम्य, बराच भाग झाडीतला, त्यामुळे उन्हाळ्यात ही वाट कोंदिवड्याच्या खड्या चढापेक्षा सुसह्य. उधेवाडीत घरगुती जेवणाची आणि मुक्कामाची सोय होते. आदल्या दिवशी फोन करून सांगितलं की गावकऱ्यांनाही बरं पडतं. दुपार गावातल्या पडवीत काढा आणि श्रीवर्धन, मनरंजन हे दोन्ही बालेकिल्ले ऊन उतरल्यावर पाहा. मेच्या अखेरीस या भागात काजवे दिसू लागतात. ते पाहताना टॉर्च आणि मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवा, झाडीत शिरू नका. मादी काजवा जमिनीलगत असतो आणि पायाखाली सहज चिरडला जातो.

सायकलवाल्यांसाठी

रोडबाइक असेल तर खडकवासल्यापर्यंतचा, शहरातून साधारण २० किलोमीटरचा सपाट रस्ता पहिल्या रविवारांसाठी पुरे. तिथून पुढे पानशेतकडे धरणाच्या पाण्याकाठाने चढ-उतार सुरू होतात. घाटाचा सराव करायचा तर कोंढव्याहून बोपदेव घाट किंवा जुना कात्रज घाट. दोन्हीकडे सातच्या आत वर पोहोचा, कारण त्यानंतर वाहनं वाढतात. पुढे-मागे दिवे, हेल्मेट, जादा ट्यूब आणि हातपंप यांच्याशिवाय घर सोडू नका. सायकलवर वाऱ्यामुळे घाम लगेच वाळतो आणि किती पाणी गेलं ते कळत नाही, म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन घोट घ्या.

टेकडीवर माउंटन बाइक चालवणाऱ्यांनी मळलेली पायवाट सोडू नये. उन्हाळ्यात सैल झालेल्या मातीवर चाकाने पडलेली नवी चरी पावसाळ्यात ओहोळ होते. चालणाऱ्यांना आणि गुराख्यांना आधी वाट द्या.

पाणी, खाणं, कपडे

अर्ध्या दिवसाला माणशी तीन लिटर पाणी, पूर्ण दिवसाला चार ते पाच. नकाशात टाकं दिसतं म्हणून त्याच्या भरवशावर जाऊ नका. मार्चनंतर अनेक टाकी आटतात, उरलेल्यांचं पाणी पिण्याजोगं असेलच असं नाही. पाण्याचा तिसरा हिस्सा उतरणीसाठी राखून ठेवा. नुसतं पाणी पीत राहिल्यास मीठ कमी पडतं, म्हणून जलसंजीवनीची पाकिटं, कोकम किंवा लिंबू सरबत जवळ ठेवा. काकडी, संत्री, गूळ-शेंगदाणे, दशम्या हे उन्हात टिकणारं खाणं. सैल, फिक्या रंगाचे पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, मान झाकणारी टोपी आणि एक पंचा.

चक्कर, डोकेदुखी, मळमळ सुरू झाली की तिथेच थांबा, सावलीत बसा, कपडे सैल करा, ओला पंचा मानेवर आणि काखेत ठेवा. माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा शुद्ध हरपू लागली तर तो उष्माघात समजा. तोंडात पाणी ओतू नका, अंग गार करत राहा आणि ११२ ला फोन करा.

चार धोके

घसारा : कोरडा मुरूम उतारावर पायाखालून निसटतो. खोल नक्षीचा बूट घाला, उतरताना पाऊल आडवं टाका आणि दोघांत अंतर ठेवा.

आग्या मोहोळ : कड्यांवर आणि गुहांत या दिवसांत पोळी असतात. अत्तर, धूर, आरडाओरडा टाळा. माश्या उठल्याच तर चेहरा झाकून लगेच तिथून दूर व्हा. झटकत उभे राहू नका.

वणवा : एक जळती काडी अख्खा डोंगर काळा करते, आणि त्यात जमिनीवर घरटी करणारे पक्षी, सरडे, रोपं सगळं जातं. चूल पेटवू नका, सिगारेट तर नकोच. धूर दिसला तर वाऱ्याच्या आडव्या दिशेने बाजूला व्हा आणि खालच्या गावाला कळवा.

वळीव : एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर ढग उभे राहतात. गडगडाट ऐकू आला की माथा आणि धार सोडा, एकट्या झाडाखाली थांबू नका.

उन्हाळ्यात गावातल्या विहिरी आटलेल्या असतात आणि हंडाभर पाण्यासाठी बायाबापड्या लांब चालतात. तुमचं पाणी घरून न्या, गावात हातपाय धुवायला मागू नका, आणि जेवण मात्र गावातच घ्या. येत्या रविवारी घराजवळची एक टेकडी निवडा, पहाटे निघा आणि नऊच्या आत परत या.