एका 'च'ची किंमत

स्पर्धा परीक्षेच्या तयारीत बुद्धिमत्ता चाचणीचा भाग सुरू झाला की कीवर्डची यादी हाती येते. 'एकूण' दिसले की बेरीज, 'उरले' दिसले की वजाबाकी, 'जास्त' म्हटले की मिळवा, 'कमी' म्हटले की वजा करा. या यादीवर विसंबून मीही तयारी केली आहे आणि तिची किंमत गुणांत मोजली आहे. म्हणून आज तयारीला बसलेल्यांना सांगावेसे वाटते की कीवर्ड शोधण्याची सवय मोडू नका, पण त्याच्याकडून कोणते काम घ्यायचे ते नीट ठरवा. प्रश्नातला शब्द दोन गोष्टींमधले नाते सांगतो. त्या नात्यावरून कोणती क्रिया करायची, हे आपल्यालाच ठरवावे लागते.

साधे गणित घ्या. मीनाकडे 15 रुपये आहेत आणि ते सुमाकडच्या पैशांपेक्षा 5 ने जास्त आहेत. तर सुमाकडे किती? 'जास्त'ला भुलून बेरीज केली तर उत्तर 20 येते, बरोबर उत्तर मात्र 10 आहे. रांगेचे प्रश्नही असेच. एखादा मुलगा डावीकडून 12वा आणि उजवीकडून 17वा असेल, तर रांगेत 28 जण. त्याच्या पुढे 12 आणि मागे 17 जण असतील, तर 30. एक जण डावीकडून 12वा आणि दुसरा डावीकडूनच 17वा असेल, तर दोघांच्या मध्ये 4. आकडे तेच, नाते बदलले की उत्तर बदलते. हेगार्टी, मेयर आणि मंक या अमेरिकी संशोधकांनी 1995 मध्ये गणित सोडवणाऱ्यांच्या नजरेचा मागोवा घेतला. ज्यांची उत्तरे चुकत होती त्यांची नजर पुन्हा पुन्हा आकड्यांकडे आणि 'जास्त-कमी'सारख्या शब्दांकडे वळत होती. ज्यांची उत्तरे बरोबर येत होती ते आधी प्रसंग मनात उभा करत होते.

तर्काच्या प्रश्नांत तर खरे काम करणारे शब्द इतके लहान असतात की नजर त्यांच्यावरून घसरते. पीटर वेसन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने 1966 मध्ये मांडलेले पत्त्यांचे कोडे मराठी अक्षरांत असे होईल: टेबलावर चार पत्ते आहेत, त्यांवर 'अ', 'क', 4 आणि 7. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर आणि दुसऱ्या बाजूला अंक आहे. नियम असा की एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम अंक असतो. नियम खरा की खोटा हे तपासायला कोणते पत्ते उलटावे लागतील? बहुतेक जण 'अ' आणि 4 सांगतात, कारण नियमात स्वराचे आणि सम अंकाचे नाव आहे. बरोबर उत्तर 'अ' आणि 7. हे कोडे अशा अमूर्त रूपात घातले की शेकडा दहा जणांनाही ते धड सुटत नाही. आता नियमात एकच अक्षर वाढवा: स्वर असेल तरच दुसऱ्या बाजूला सम अंक असतो. लगेच दोन्ही पत्ते बदलतात आणि उत्तर 4 आणि 'क' होते. 'स्वर' आणि 'सम' हे शब्द जागच्या जागी राहिले. सगळा फरक त्या 'च'ने केला.

आपल्या भाषेत अशा जागा बऱ्याच आहेत. 'सर्व आंबे गोड नाहीत' याचा अर्थ एकही गोड नाही असा घ्यायचा, की काही गोड आहेत असा? 'काही आंबे पिकले आहेत' म्हटल्यावर बाकीचे कच्चे असणार असे आपण व्यवहारात धरतो. तर्कशास्त्रात मात्र 'काही' म्हणजे निदान एक, बाकीच्यांबद्दल ते वाक्य काहीच बोलत नाही. 'शिवाय' कधी वगळते, कधी भर घालते. 'डावीकडे' आणि 'लगतच्या डावीकडे' यांत तर बैठकव्यवस्थेचा अख्खा प्रश्न फिरतो. राज्यसेवा पूर्वपरीक्षेचा पेपर मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत छापलेला असतो, तेव्हा अशा शब्दाशी अडल्यास दुसऱ्या भाषेतले वाक्यही वाचून घ्यावे.

यावर पहिला आक्षेप वेळेचा. सीसॅटच्या 80 प्रश्नांना दोन तास, म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट. त्यात शब्द कुठे निरखत बसायचे? मला हा हिशेब पटत नाही. 'तरच'खाली रेघ मारायला दोन सेकंद लागतात, आणि यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेत चुकीच्या उत्तरामागे त्या प्रश्नाचे एक तृतीयांश गुण कापले जातात. घाईने दिलेले चुकीचे उत्तर वेळही खाते आणि गुणही. दुसरा आक्षेप असा की भरपूर सराव केला की हे आपोआप जमते. सरावाने हात वेगाने चालतो हे खरे, पण चुकीची सवयही सरावानेच पक्की होते. ग्रिग्ज आणि कॉक्स यांनी 1982 मध्ये वेसनचेच कोडे बिअर पिण्याच्या वयाच्या नियमावर बेतले, तेव्हा जवळजवळ तीन चतुर्थांश विद्यार्थ्यांनी ते सोडवले. तर्क करण्याची ताकद त्यांच्यात होतीच. ओळखीचा प्रसंग समोर येताच नियम कोण मोडू शकतो हे त्यांना दिसले.

म्हणून माझे सांगणे इतकेच. आधी शेवटची ओळ वाचा, कारण 'बरोबर नाही' यातला 'नाही' तिथेच बसलेला असतो. मग 'फक्त', 'तरच', 'निदान', 'एकही', 'काही', 'खेरीज', 'लगतचा' या शब्दांखाली रेघ मारा. त्यानंतर वाक्य आपल्या शब्दांत, ओळखीच्या प्रसंगात मांडा किंवा कच्च्या कामाच्या जागेत आकृती काढा. मग हे विधान खोटे केव्हा ठरेल, असा प्रश्न स्वतःला विचारा आणि मगच पर्यायांकडे वळा. आज सोडवाल त्या पहिल्या दहा प्रश्नांपासून हे सुरू करा.