लहान होडीतील पाणी उपसा पंप : जोडणी आणि निगा

खाडीकाठच्या शेतकऱ्याला होडी बैलगाडीइतकीच गरजेची असते. भाताचे भारे, नारळ, खत, कोळंबीचे खाद्य अशी सर्व वाहतूक तिच्यातूनच होते. मात्र धक्क्याला बांधून ठेवलेल्या होडीत रात्रीतून किती पाणी साचते, याचा हिशोब फारसा कोणी करीत नाही. होडीचा उघडा भाग ८ चौरस मीटर असेल आणि रात्रीत १०० मि.मी. पाऊस पडला, तर ८०० लिटर पाणी आत जमते. हे वजन बारा माणसांइतके होते. शिवाय होडी कलली की हे पाणी त्याच बाजूला धावते व कल आणखी वाढवते. म्हणून तळाचे पाणी उपसणारा विद्युत पंप, म्हणजेच बाजारातील 'बिल्ज पंप', नीट जोडलेला असावा.

पंपाची निवड

हे पंप १२ व्होल्ट बॅटरीवर चालतात. त्यांच्यावर ताशी गॅलनमध्ये क्षमता लिहिलेली असते. ५०० गॅलन म्हणजे सुमारे १,९०० लिटर. परंतु हा आकडा पाणी उंच चढवावे लागत नाही असे धरून दिलेला असतो. मीटरभर उंची, नळीची वळणे आणि उतरलेली बॅटरी यांमुळे प्रत्यक्षात दोन तृतीयांश किंवा त्याहूनही कमी पाणी मिळते.

पंप असला म्हणजे होडी बुडणार नाही, असे समजू नये. पाण्याखाली ३० सें.मी. खोलीवर २५ मि.मी. व्यासाचे भोक पडले, तर मिनिटाला सुमारे ४० लिटर पाणी आत येते. वरील पंप मिनिटाला जेमतेम २० लिटर बाहेर टाकतो. पंप आपल्याला फक्त वेळ मिळवून देतो. त्या वेळात भोक बुजवावे व काठ गाठावा. हातपंप आणि बादली होडीत नेहमी ठेवावी.

नळीची जोडणी

१. होडी नेहमीच्या भारासह पाण्यात असताना पाणी जेथे साचते, त्या सर्वांत खोल जागी पंप बसवावा.

२. नळी आतून गुळगुळीत असावी. घड्यांची नळी पाण्याला अडवते. पंपाच्या तोंडाचा जो व्यास, तोच नळीचा शेवटपर्यंत ठेवावा.

३. नळी पंपापासून सतत चढती न्यावी. मध्ये झोळ पडला तर तेथे पाणी साचते, पंपात हवा अडकते आणि पंप फिरूनही पाणी चढत नाही.

४. पाणी बाहेर पडण्याचे तोंड भरलेल्या होडीच्या पाणरेषेपासून किमान ३० सें.मी. वर ठेवावे. हौदातून नळीने पाणी ओढून सुरू केले की ते आपोआप वाहत राहते, हे आपण जाणतो. तोंड पाण्याखाली गेले तर बंद पंपातून खाडीचे पाणी तसेच उलटे आत येते. तोंड उंच ठेवणे शक्य नसेल, तर नळीला उंच वळसा देऊन वळशाच्या माथ्यावर हवा घेणारी झडप बसवावी.

५. विहिरीवरील पंपाप्रमाणे येथे फूटव्हॉल्व्ह लागत नाही. नळीतही एकदिशा झडप घालू नये. ती कचऱ्याने अडकते व प्रवाह कमी करते.

६. दोन पंप असल्यास प्रत्येकाची नळी व तोंड स्वतंत्र असावे.

७. जोडांवर स्टेनलेस स्टीलचे क्लॅम्प वापरावेत. लाकडात वा प्लायवूडमध्ये भोक पाडल्यास कडा रेझिनने बंद कराव्यात, नाहीतर लाकूड कुजते.

विजेची जोडणी

तरंगता स्विच पंपाशेजारी, किंचित उंच बसवावा. पंप थांबल्यावर नळीतील पाणी परत तळात येते. २५ मि.मी. व्यासाच्या दोन मीटर नळीत सुमारे एक लिटर पाणी असते. स्विच फार खाली असेल तर एवढ्याने पंप पुन्हापुन्हा सुरू होतो. स्विचची तार मुख्य स्विचमधून न नेता, पंपावर सांगितलेल्या क्षमतेचा फ्यूज घालून थेट बॅटरीला जोडावी. त्यामुळे होडीवर कोणी नसतानाही पंप चालतो. हाताने चालू करण्याचे बटणही असावे. तारांचे जोड तळातील पाण्यापासून उंच व बंदिस्त ठेवावेत. पेट्रोलची वाफ तळात साचते. पेट्रोल सांडले असल्यास आधी वारा लागू द्यावा, तोवर पंप सुरू करू नये.

चाचणी व निगा

तळात गोडे पाणी ओतून पंप चालवा आणि १५ लिटरची बादली किती वेळात भरते ते पाहा. ४५ सेकंद लागल्यास ताशी १,२०० लिटर मिळतात. म्हणजे पावसाचे ८०० लिटर उपसण्यास ४० मिनिटे. पंप ३ अँपिअर घेत असल्यास बॅटरीतून फक्त २ अँपिअर-तास जातात. मात्र स्विच कचऱ्याने वर अडकला, तर दिवसभरात ७२ अँपिअर-तास खर्चून बॅटरी संपते आणि पुढच्या पावसात होडी निराधार राहते. म्हणून दर आठवड्याला जाळी काढून काथ्या, माशांचे खवले व गाळ साफ करावा आणि स्विच हाताने उचलून पाहावा. तळात सांडलेले तेल आधी फडक्याने टिपून घ्यावे. ते खाडीत सोडू नये.

जोडणीचे काम होडी काठावर ओढलेली असतानाच उरकावे. नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात लोटण्यापूर्वी ही चाचणी अवश्य करावी.